के. आसिफ यांचा अपुरा मजनू

'मुघल-ए-आझम' पाहिला नाही असा आपल्या पिढीतला माणूस मुंबईच्या आपल्या वस्तीत शोधूनही सापडला नसता. ५ ऑगस्ट १९६० रोजी हा चित्रपट मराठा मंदिर थिएटरात लागला. नागपाडा, आग्रीपाडा, भायखळा इथून मराठा मंदिर पायी जाण्याच्या अंतरावर. चित्रपटाची रिळे सजवलेल्या हत्तीवरून थिएटरात आणली होती, ही गोष्ट कित्येक वर्षे घरोघरी सांगितली जाई. के. आसिफ हे दिग्दर्शकाचे नाव तेव्हापासून लहानथोर सर्वांना ठाऊक झाले.

परंतु याच आसिफ यांनी पुढे हाती घेतलेला 'लव्ह अँड गॉड' हा चित्रपट आपल्यापैकी किती जणांनी पाहिला असेल? १९६३ मध्ये सुरू झालेला हा चित्रपट २७ मे १९८६ रोजी प्रदर्शित झाला. मध्ये तेवीस वर्षे गेली. तेवढ्या काळात त्याचा पहिला नायक गेला, मग दिग्दर्शक गेला आणि शेवटी दुसरा नायकही गेला.

अशा चित्रपटाला 'अपशकुनी' म्हणून मोकळे होण्याची चित्रपटवाल्यांत रीत आहे. त्याने काही उलगडत नाही. मला विचार करण्यासारखा वाटतो तो प्रश्न निराळा आहे. काम करणारा माणूस अर्ध्यावर निघून गेला, तर मागे राहिलेल्यांनी त्या कामाचे काय करावे? टाकून द्यावे, दुसऱ्याकडून पहिल्यापासून करून घ्यावे, की जे आहे ते जोडून लोकांपुढे ठेवावे? आसिफ यांच्या दोन चित्रपटांत आणि गुरुदत्त यांच्या शेवटच्या एका चित्रपटात या तिन्ही वाटा चोखाळलेल्या दिसतात. म्हणून ही हकिगत जरा सविस्तर सांगते.

प्रथम एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. नायक गेला की चित्रपट का अडतो? नाटकाचा नट आजारी पडला तर दुसरा नट पाठांतर करून उभा राहतो. कालचा प्रयोग कालच संपलेला असतो, आजचा नव्याने होतो. चित्रपटात तसे होत नाही. ज्या क्रमाने आपण कथा पाहतो, त्या क्रमाने तिचे चित्रण झालेले नसते. महालाचा सेट उभारला की महालातले सगळे प्रसंग एकदमच उरकतात, मग त्यांत एक कथेच्या आरंभीचा असो आणि दुसरा शेवटचा. सेट रिकामा ठेवणे परवडत नाही आणि कलाकारांच्या तारखाही सांभाळायच्या असतात. त्यामुळे नायक वारला तर 'शेवटचे दोनच प्रसंग राहिले' असे क्वचितच घडते. बहुधा शेवट तयार असतो आणि नायक-नायिकेची पहिली भेटच झालेली नसते.

त्यात आवाजाची भर. हिंदी चित्रपटांत संवाद पुष्कळदा चित्रण झाल्यावर पुन्हा बोलून घेतात, त्याला डबिंग म्हणतात. तेव्हा पडद्यावर चेहरा आहे, ओठ हलतात, पण आवाज द्यायला माणूस उरलेला नाही, असाही प्रसंग येतो. संजीव कुमार यांच्या निधनानंतर काही वर्षांनी 'प्रोफेसर की पडोसन' हा त्यांचा राहिलेला चित्रपट बाहेर आला. त्यात त्यांना आवाज सुदेश भोसले यांनी दिला आहे. नक्कल इतकी हुबेहूब की न सांगितल्यास कळू नये. पण आवाज उसना आणता येतो, चेहरा आणता येत नाही.

आता आसिफ यांच्यावर ही वेळ पहिल्यांदा कधी आली ते पाहू. पृथ्वीराज कपूर, दिलीप कुमार आणि मधुबाला यांचा जो 'मुघल-ए-आझम' आपण पाहिला, तो आसिफ यांनी या विषयावर सुरू केलेला पहिला चित्रपट नव्हता. त्याआधी चाळीसच्या दशकात त्यांनी याच कथेचे काम सुरू केले होते. तेव्हा अकबर होते चंद्रमोहन, सलीम होते सप्रू आणि अनारकली होती नर्गिस. पैसा शिराझ अली हकीम यांचा होता.

चंद्रमोहन हे नाव आज फारसे कोणी घेत नाही, पण आपल्या आईवडिलांना ते चांगले ठाऊक होते. जन्माने ते काश्मिरी, पण पडद्यावर त्यांना आणले 'प्रभात'ने. 'प्रभात' कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली आणि तिथे व्ही. शांताराम यांनी १९३४ मध्ये 'अमृतमंथन' काढला. त्याच्या हिंदी आवृत्तीत चंद्रमोहन राजगुरू झाले होते. पडदाभर दिसणारे त्यांचे ते डोळे लोक जन्मभर विसरले नाहीत. १९३६ च्या 'अमर ज्योती'त ते दुर्गाबाई खोटे यांच्यासमोर उभे राहिले आणि १९३९ मध्ये सोहराब मोदी यांच्या 'पुकार'मध्ये जहांगीर झाले. म्हणजे ज्यांना लोकांनी जहांगीर म्हणून डोक्यावर घेतले, तेच आता जहांगीरच्या बापाची भूमिका करणार होते. याहून योग्य निवड कोणती असणार?

मग फाळणी आली. हकीम पाकिस्तानात निघून गेले. आणि २ एप्रिल १९४९ रोजी चंद्रमोहन वारले. त्यांनी वयाची पंचेचाळिशीही गाठली नव्हती. अकबरच गेल्यावर त्या चित्रपटात काय राहिले? आसिफ यांनी ते काम सोडून दिले. पुढे शापूरजी पालनजी यांचा पैसा मिळाल्यावर पन्नासच्या दशकात त्यांनी नव्याने मांडामांड केली. अकबर बदलला, सलीम बदलला, अनारकली बदलली. जोधाबाई झाल्या दुर्गाबाई खोटे. चित्रपट पुरा व्हायला इतकी वर्षे लागली की मध्यंतरी रंगीत चित्रपटांचे दिवस आले. म्हणून काळ्यापांढऱ्या चित्रपटात शीशमहालातले नृत्य आणि शेवटाकडची काही रिळे रंगीत झाली.

ही झाली पहिली वाट. जुने सगळे बाजूला ठेवायचे आणि आरंभापासून करायचे. तिचे फळ काय मिळाले ते सर्वांना माहीत आहे. आज अकबर म्हटले की डोळ्यांपुढे पृथ्वीराज उभे राहतात आणि कानात त्यांचाच आवाज घुमतो. चंद्रमोहन यांचा अकबर कसा होता हे मात्र आपल्याला कधीच कळणार नाही. नव्या चित्रपटाच्या वैभवापुढे त्याची आठवण काढावी असे कोणाला वाटलेही नाही.

दुसऱ्यांदा आसिफ यांच्यावर हीच वेळ आली ती गुरुदत्त यांच्यामुळे. योगायोग असा की गुरुदत्तही 'प्रभात'मधूनच आलेले. जन्म ९ जुलै १९२५ चा, बंगळूरचा. उदयशंकर यांच्या अल्मोड्याच्या केंद्रात ते नृत्य शिकले आणि ते केंद्र बंद पडल्यावर १९४४ मध्ये पुण्याला 'प्रभात'मध्ये नोकरीला लागले. तिथेच त्यांची देव आनंद यांच्याशी मैत्री जमली. पुढे 'प्यासा' (१९५७), 'कागज के फूल' (१९५९), 'चौदहवीं का चाँद' (१९६०), 'साहिब बीबी और गुलाम' (१९६२) हे त्यांचे चित्रपट आले. एक गोष्ट इथे नोंदवून ठेवते. मनासारखे झाले नाही तर स्वतःचा चित्रपट अर्ध्यावर टाकायला गुरुदत्त मागेपुढे पाहत नसत. पत्नी गीता दत्त यांना नायिका करून त्यांनी 'गौरी' हा बंगाली चित्रपट सुरू केला होता, तोही असाच सोडून दिला. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

'लव्ह अँड गॉड' म्हणजे लैला-मजनूची कथा. ही मूळची अरबस्तानातली आणि बाराव्या शतकात फारसी कवी निजामी यांनी तिला काव्यरूप दिले. इथे इराकहून आलेल्या आपल्या शेजाऱ्यांना विचारा, त्यांनाही ती तोंडपाठ असते. नायकाचे खरे नाव कैस. लैलेच्या प्रेमात वेडा झाला म्हणून लोक त्याला 'मजनून' म्हणू लागले, म्हणजे वेडा. हा शब्द तर इथल्या बाजारात आपल्या रोज कानी पडतो. आसिफ यांना ही कथा निव्वळ प्रेमकथा म्हणून सांगायची नव्हती. माणसावरचे प्रेम आणि ईश्वरावरचे प्रेम ही एकच वस्तू आहे, असे त्यांना म्हणायचे होते, आणि चित्रपटाच्या नावातच ते आले आहे. चित्रपट संपूर्ण रंगीत करायचा होता. संगीत नौशाद यांचे, गीते खुमार बाराबंकवी यांची, लैला निम्मी आणि कैस गुरुदत्त. मजनूच्या वेषातली गुरुदत्त यांची छायाचित्रे अजून पाहायला मिळतात.

१० ऑक्टोबर १९६४ रोजी पेडर रोडवरील राहत्या घरी गुरुदत्त मृतावस्थेत सापडले. वय अवघे एकोणचाळीस. तो शनिवार होता. मी तेव्हा शाळेत शेवटच्या वर्गात होते. शब्बाथ सुटल्यावर शेजारच्या घरी रेडिओवर बातमी ऐकून मोठी माणसे कितीतरी वेळ न बोलता बसून राहिलेली मला आठवतात. त्यांच्या जाण्याने दोन चित्रपट उघड्यावर पडले, हे मात्र तेव्हा आमच्या गावीही नव्हते.

त्यांतला एक त्यांच्या स्वतःच्या संस्थेचा, 'बहारें फिर भी आएंगी'. दिग्दर्शक शाहिद लतीफ, नायिका माला सिन्हा आणि तनुजा, नायक स्वतः गुरुदत्त. संस्थेने तो टाकून दिला नाही. नायकाच्या जागी धर्मेंद्र यांना घेतले, गुरुदत्त यांच्यावर चित्रित झालेले प्रसंग पुन्हा केले आणि १९६६ मध्ये चित्रपट प्रदर्शित केला. वसंत ऋतू तरीही येईल, अशा अर्थाचे नाव चित्रपटाला आधीच दिलेले होते. ही दुसरी वाट. चित्रपट तोच, कथा तीच, गाणी ओ. पी. नय्यर यांची, फक्त माणूस दुसरा. संस्था चालवायची असेल, तिथे काम करणाऱ्यांचे पगार द्यायचे असतील, तर ही वाट व्यवहाराची आहे आणि तिला नावे ठेवू नयेत. चित्रपटही चांगला आहे. पण त्यातही गुरुदत्त यांचे काम पडद्यावर राहिले नाही.

आसिफ यांनी मात्र घाई केली नाही. सहा वर्षे गेली. १९७० मध्ये त्यांनी संजीव कुमार यांना कैस केले. सुरतेकडच्या घराण्यातले हे हरिहर जरीवाला, इप्टाच्या रंगभूमीवरून आलेले. १९७० हे वर्ष त्यांच्या नावावर लिहून ठेवावे असे. 'खिलौना' आणि 'दस्तक' हे दोन्ही त्याच वर्षीचे. त्यांची जन्मतारीखही ९ जुलै, गुरुदत्त यांचीच, फक्त वर्ष १९३८. निम्मी पूर्वीप्रमाणेच लैला राहिल्या. चित्रण पुन्हा सुरू झाले आणि चित्रपट मार्गी लागला असे वाटत असतानाच ९ मार्च १९७१ रोजी खुद्द आसिफ वारले. वय अठ्ठेचाळीस.

आता नायक होता, नायिका होती, संगीत होते, आणि कोणत्या तुकड्याला कोणता तुकडा जोडायचा हे ज्याच्या डोक्यात होते तो माणूस नव्हता. रिळे वेगवेगळ्या स्टुडिओंत पडून राहिली. १९७६ मध्ये हरनाम सिंग रवैल यांचा 'लैला मजनू' आला आणि ऋषी कपूर व रंजीता यांची ती जोडी गाजली. त्या चित्रपटाचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याचे संगीतकार मदनमोहन १४ जुलै १९७५ रोजी, काम पुरे होण्याआधीच वारले. उरलेले संगीत जयदेव यांनी पुरे केले आणि चित्रपटावर दोघांचीही नावे आहेत. ज्याने जे केले त्याचे श्रेय त्याला मिळाले. लोकांनी लैला-मजनूची कथा पाहिली, गाणी गुणगुणली, आणि आसिफ यांच्या लैला-मजनूला सगळे विसरले.

विसरल्या नाहीत त्या त्यांच्या पत्नी अख्तर आसिफ. या दिलीप कुमार यांच्या धाकट्या बहीण. पतीच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी त्यांनी निर्माते के. सी. बोकाडिया यांच्या साहाय्याने हा चित्रपट बाहेर काढला. बोकाडिया यांनी तीन निरनिराळ्या स्टुडिओंतून मिळतील ते तुकडे गोळा केले आणि ते एकमेकांना जोडले. दरम्यान, गाणी गाणारे मोहम्मद रफी ३१ जुलै १९८० रोजी गेले होते. संजीव कुमार ६ नोव्हेंबर १९८५ रोजी, सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यानंतर साडेसहा महिन्यांनी चित्रपट थिएटरात लागला. ही तिसरी वाट. नवे काही करायचे नाही, जे झाले आहे ते जोडायचे.

चित्रपट चालला नाही. तो काळ व्हिडिओचा. लोक घरी बसून चित्रपट पाहू लागले होते आणि थिएटरात मारामारीचे चित्रपट चालत. त्यातून या चित्रपटाला धड सलगता नाही. मी तो इथे कॅसेटवर पाहिला. प्रसंग मध्येच तुटतात, एका दुव्यापासून दुसऱ्या दुव्यापर्यंत आपल्याला मनानेच उडी मारावी लागते. पण काही ठिकाणी, विशेषतः वाळवंटात, आसिफ यांच्या डोळ्यांपुढे काय होते ते क्षणभर दिसते. मग पुन्हा तुटते.

तेव्हा अख्तर आसिफ यांनी केले ते बरोबर की चूक? पुष्कळ जाणकारांचे म्हणणे असे की हा चित्रपट डब्यातच राहू द्यायला हवा होता. एकेका दृश्यासाठी दिवसच्या दिवस थांबणारा दिग्दर्शक, ज्याने एका चित्रपटाला आयुष्याची पंधरा वर्षे दिली, त्याने असे ठिगळ लावलेले वस्त्र कधी बाहेर पडू दिले असते काय? हा आक्षेप खोटा नाही. गुरुदत्त यांचे उदाहरण वर दिलेच आहे. नापसंत काम फेकून देण्याचा हक्क कलावंताला असतो आणि तो त्यांनी बजावला.

मला मात्र वाटते की हा हक्क वारसाहक्काने मिळत नाही. गुरुदत्त यांनी 'गौरी' सोडला तो स्वतः. आसिफ यांनी 'लव्ह अँड गॉड' सोडला नव्हता. नायक गेल्यावर सहा वर्षे थांबून त्यांनी तो पुन्हा हाती घेतला, आणि मरण आले तेव्हा तो त्यांच्या हातातच होता. त्यांच्या मागे तो डब्यात बंद करून ठेवणे म्हणजे त्यांनी न घेतलेला निर्णय त्यांच्या नावावर टाकणे झाले असते. शिवाय ते काम एकट्या आसिफ यांचे नव्हते. नौशाद यांची गाणी त्यात होती, संजीव कुमार यांची मेहनत होती, सेट उभारणाऱ्या सुतारांपासून कपडे शिवणाऱ्यांपर्यंत कितीतरी जणांचे दिवस त्यात गेले होते. चंद्रमोहन यांचा अकबर आणि गुरुदत्त यांचा कैस आपल्या हातून निसटले. संजीव कुमार यांचा कैस, तुटका का होईना, उरला. तो उरला याचे कारण कोणीतरी रिळे शोधत स्टुडिओचे उंबरे झिजवले.

माझी तक्रार असेल तर ती एवढीच की चित्रपट अपुरा आहे हे प्रेक्षकाला उघडपणे सांगायला हवे होते. आरंभी चार ओळी दाखवून, कोणते प्रसंग राहिले, कोण केव्हा गेले, हे सांगितले असते तर प्रेक्षकाने त्याकडे निराळ्या नजरेने पाहिले असते. पुरा चित्रपट म्हणून तिकीट विकले, म्हणून लोक पुऱ्या चित्रपटाच्या अपेक्षेने आत गेले आणि निराश होऊन बाहेर आले. मदनमोहन आणि जयदेव यांच्या बाबतीत जो प्रामाणिकपणा श्रेयनामावलीत दिसला, तोच इथे कथेच्या बाबतीत दाखवता आला असता.

आणि पुरे झालेले काम तरी टिकते असे कोठे आहे? भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिक थिएटरात लागला. तो ज्या नाटकावरून घेतला, ते नाटक लिहिणारे जोसेफ डेव्हिड पेणकर आपल्या बेने इस्राएल समाजातले. हा चित्रपट पुरा झाला, प्रदर्शित झाला, त्यावर लोकांच्या उड्या पडल्या. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. जोसेफ डेव्हिड यांच्या कथेवरचा तो चित्रपट पडद्यावर कसा दिसे, हे सांगू शकेल असा तुकडासुद्धा नाही. पुण्याला १९६४ मध्ये, म्हणजे गुरुदत्त गेले त्याच वर्षी, सरकारी चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पण तोवर पुष्कळ काही नष्ट झाले होते. जुनी नायट्रेट फिल्म चटकन पेट घेते. २००३ मध्ये पुण्यात अशाच साठ्याला आग लागली आणि 'प्रभात'च्या चित्रपटांसह कितीतरी जुनी रिळे जळून गेली. चंद्रमोहन आणि गुरुदत्त ज्या संस्थेतून आले, तिचेच हे चित्रपट.

यावरून काय दिसते? पुरेपणा हा टिकण्याचा विमा नाही. टिकते ते, जे कोणीतरी सांभाळते. पहिल्या 'मुघल-ए-आझम'ला सांभाळणारे कोणी नव्हते, 'आलम आरा'लाही नव्हते. 'लव्ह अँड गॉड'ला एक बाई होती.

आणखी एका बाईचे नाव घेऊन हा लेख पुरा करते. या चित्रपटाच्या मुख्य मंडळींत पहिल्या दिवसापासून प्रदर्शनापर्यंत टिकून राहिल्या त्या निम्मी. १९४९ च्या 'बरसात'पासून ज्यांना आपण पाहत आलो, त्या निम्मी १९६३ मध्ये लैला झाल्या तेव्हा तिशीत होत्या. एका कैसाबरोबर त्यांनी काम केले, तो गेला. दुसऱ्याबरोबर केले, तोही गेला. चित्रपट लागला तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. हाच त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला. २५ मार्च २०२० रोजी त्या मुंबईत वारल्या. तुकड्यातुकड्यांच्या त्या चित्रपटात त्या अजूनही तिशी-पस्तिशीच्या आहेत. कोणाला कॅसेट किंवा तबकडी मिळाली, तर एकदा अवश्य पाहावे, आणि पाहताना मधल्या जागा आपल्या मनाने भराव्यात.